कॉफीच्या मळ्यावरची सावली मोजताना

४१, ३५ आणि २४. जगात जेवढ्या जमिनीवर कॉफी पिकते, तिची ही टक्केवारी आहे. ४१ टक्के जमिनीवर कॉफीच्या झुडपांच्या डोक्यावर एकही झाड नाही, ती उघड्या उन्हात वाढतात. ३५ टक्के जमिनीवर नावापुरती विरळ सावली आहे. जुन्या पद्धतीची, अनेक जातींच्या झाडांची दाट सावली उरली आहे ती २४ टक्क्यांवर. टेक्सास विद्यापीठातल्या शालीन झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात हा हिशेब मांडला. त्यासाठी घेतलेले आकडे २०१० पर्यंतचे होते. त्याआधी १९९६ साली हीच दाट सावली ४३ टक्के जमिनीवर होती. म्हणजे चौदा वर्षांत तिचा वाटा जवळजवळ निम्म्यावर आला.

या आकड्यांचा पक्ष्यांशी संबंध सरळ आहे. अरेबिका कॉफी मुळात इथिओपियाच्या जंगलातलं, मोठ्या झाडांखाली वाढणारं झुडूप आहे. त्यामुळे जंगल पूर्ण न तोडता, खालचं रान साफ करून त्या जागी कॉफी लावता येते. गहू, ऊस किंवा सोयाबीनच्या बाबतीत ही सोय नाही. मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या आणि जगभर विकल्या जाणाऱ्या पिकांमध्ये कोको आणि कॉफी ही दोनच ठळक पिकं अशी आहेत, ज्यांच्या शेतात उंच झाडं, त्यांवरच्या वेली, ढोल्या, फळं आणि किडे हे सगळं पिकासोबत नांदू शकतं. पक्ष्याला पीक कोणतं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला बसायला फांदी, घरट्याला जागा आणि चोचीत धरायला काहीतरी लागतं.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ही सावली आपोआप गेली नाही, ती ठरवून काढली गेली. कॉफीच्या पानांवरचा तांबेरा हा बुरशीजन्य रोग १८६९ साली श्रीलंकेत दिसला आणि त्याने तिथली कॉफी संपवली. पुढे तिथे चहा आला. हाच तांबेरा १९७० साली ब्राझीलमध्ये पोहोचला. दमट सावलीत रोग जास्त पसरेल, या भीतीने सरकारांनी आणि अमेरिकी मदत संस्थांनी शेतकऱ्यांना झाडं काढायला, बुटक्या जाती दाटीने लावायला आणि खतं-औषधं वाढवायला पैसे दिले. आयव्हेट पर्फेक्टो आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या लेखानुसार १९९० पर्यंत मेक्सिकोत सुमारे १५ टक्के, तर कोलंबियात सुमारे ६० टक्के कॉफीक्षेत्राचं असं रूपांतर झालं होतं. उत्तर अमेरिकेतले कितीतरी छोटे गाणारे पक्षी हिवाळ्यात नेमके याच डोंगरपट्ट्यांत उतरतात. २०१९ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं, की १९७० पासून उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांची संख्या २९० कोटींनी, म्हणजे २९ टक्क्यांनी घटली आहे. हा सगळा दोष कॉफीच्या माथी मारता येणार नाही. उन्हाळी वस्तीतली शेती, कीटकनाशकं, मांजरं, काचेच्या इमारती अशी कारणांची रांग आहे. पण हिवाळी वस्तीतली झाडं जाणं हे त्यातलं एक मोठं कारण आहे, आणि ते असं आहे की कॉफी पिणाऱ्या माणसाचा त्यात थेट हात आहे.

आता आपल्याकडे येऊ. भारतात कॉफीची लागवड सुमारे पावणेपाच लाख हेक्टरवर आहे. हे क्षेत्र सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडं लहान भरेल. वर्षाचं उत्पादन साडेतीन लाख टनांच्या पुढे आहे. त्यातला सुमारे ७० टक्के वाटा एकट्या कर्नाटकाचा, म्हणजे कोडगू, चिकमगळूर आणि हासन या तीन जिल्ह्यांचा आहे. सुमारे २० टक्के केरळचा, त्यातही मुख्यतः वायनाडचा. बाकी तमिळनाडू आणि आंध्रातलं अरकू खोरं. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मेळघाटातल्या चिखलदऱ्याला, आणि तीही अगदी थोडी. त्यामुळे मराठी माणूस कॉफीच्या बाबतीत पिकवणारा नाही, पिणारा आहे. तरी यातली बहुतेक कॉफी ज्या डोंगरात पिकते तो आपल्याच सह्याद्रीचा दक्षिणेकडचा भाग आहे. कोयनेच्या, आंबोलीच्या रानात जे पक्षी दिसतात, त्यातले बरेचसे चिकमगळूरच्या मळ्यातही दिसतात.

भारताची कॉफी जवळजवळ सगळी सावलीत पिकते. जगाच्या ४१ टक्क्यांसमोर ही गोष्ट अभिमानाची आहे, आणि ती कुणा पर्यावरणप्रेमीच्या आग्रहाने घडलेली नाही. इथे डिसेंबर ते मार्च पाऊस जवळपास नसतो, उन्हाचा ताप कडक असतो आणि त्याच काळात झुडपांना जगायचं असतं. अरेबिकाचं खोड आतून पोखरणारा पांढरा खोडकिडा उघड्या, तापलेल्या खोडावर अंडी घालतो, म्हणून अरेबिकावरची सावली काढणं म्हणजे किड्याला आमंत्रण. शिवाय उंच झाडांच्या खोडावर मिरीचे वेल चढवता येतात. कॉफीचा भाव पडला की मिरीने घर चालतं. खाली पांगाऱ्याची हलकी सावली आणि वर वड, उंबर, फणस, जांभूळ, शिसवी यांचं छत, अशी दोन मजली रचना पिढ्यानपिढ्या चालत आली. बाबा बुडन यांनी १६७० च्या सुमारास सात बिया आणून चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या अशी परंपरा सांगते. व्यापारी लागवड त्यानंतर दीडशे वर्षांनी ब्रिटिशांनी केली. पण पद्धत सावलीचीच राहिली.

या सावलीत किती पक्षी राहतात, हे मोजलं गेलं आहे. कृती कारंथ आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकाच्या पश्चिम घाटात सुमारे ३० हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात १८७ बागा निवडल्या. काही कॉफीच्या, काही सुपारीच्या, काही रबराच्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या बागांमध्ये मिळून पक्ष्यांच्या २०४ जाती नोंदल्या गेल्या. तिन्हींत कॉफी सर्वांत श्रीमंत निघाली, रबर सर्वांत गरीब. दोडामार्गच्या डोंगरांवर गेल्या काही वर्षांत रबर कसं चढलं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या निष्कर्षाचं नवल वाटणार नाही. त्यानंतर शार्लट चँग, कृती कारंथ आणि पॉल रॉबिन्स यांनी २०१८ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये फक्त कॉफीचा बारकाईने हिशेब दिला. जंगलावर अवलंबून असणाऱ्या पक्ष्यांच्या ७९ जाती या मळ्यांत सापडल्या. त्यांत पहाडी पोपट, करड्या डोक्याचा बुलबुल आणि निलगिरी रानपारवा हे तिघे जागतिक धोक्याच्या यादीतले.

याच अभ्यासात एक अस्वस्थ करणारी गोष्टही आहे. अरेबिकाच्या मळ्यांत पक्ष्यांची विविधता रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीच्या मळ्यांपेक्षा जास्त होती, कारण अरेबिकावरचं छत दाट असतं. रोबस्टा हे दणकट झाड. डोंगराच्या कमी उंचीवरही वाढतं, ऊन सोसतं, खोडकिड्याला बळी पडत नाही आणि उत्पन्न दुपटीहून जास्त देतं. म्हणून शेतकरी सावली विरळ करू शकतो. आता जुने आकडे पाहा. १९५०-५१ साली भारतात कॉफीचं उत्पादन सुमारे १९ हजार टन होतं आणि त्यात चार पंचमांश अरेबिका होती. आज उत्पादन त्याच्या सुमारे एकोणीसपट आहे आणि त्यात ७० टक्क्यांहून जास्त रोबस्टा आहे. पिकाचा तोल पूर्ण उलटा झाला. रोबस्टाच्या बाजूने एवढं सांगितलं पाहिजे, की तिच्या मळ्यांतही जंगलातले बरेच पक्षी टिकून होते आणि तिला औषधफवारणी कमी लागते. म्हणजे दोष जातीत नाही. दोष आहे तो रोबस्टा लावल्यावर छत कापण्याची जी मुभा मिळते, तिच्या वापरात.

दुसरा बदल आकड्यांत सहज दिसत नाही, कारण त्याने सावली कमी होतच नाही. फक्त झाडं बदलतात. जुनं उंबर किंवा शिसवी पडलं की त्या जागी सिल्व्हर ओक लावायचा, हा आज कोडगू-चिकमगळूरचा शिरस्ता झाला आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा वृक्ष भराभर वाढतो, सरळसोट जातो, मिरीचा वेल त्यावर छान चढतो आणि वीस-पंचवीस वर्षांत लाकडाचे पैसे देतो. फुलोऱ्याच्या दिवसांत त्याचा मध प्यायला पक्षी येतातही. पण त्याला फळ येतं ते कोरडं, आत पातळ बी असलेलं. कुटुर्ग्याला, हिरव्या रानपारव्याला, पोपटाला त्यात खाण्यासारखं काही नाही. महाधनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि तीन-चार महिने नर तिला आणि पिलाला बाहेरून फळं भरवतो, मुख्यतः वड-उंबराच्या कुळातली. त्या जोडीला जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातली नैसर्गिक ढोली लागते. तमिळनाडूत वालपराईच्या कॉफीमळ्यांत महाधनेशाची घरटी आढळली आहेत, ती तिथे देशी मोठी झाडं राखली गेली म्हणून. पंचवीस वर्षांत कापायच्या सिल्व्हर ओकमध्ये तशी ढोली तयार होईपर्यंत झाड उभंच राहत नाही.

म्हणूनच भारतीय कॉफीच्या पाकिटावर ‘सावलीत पिकवलेली’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते खरं असतं आणि पक्ष्यांच्या दृष्टीने त्यातून फारसं काही कळत नाही. एकाच जातीच्या परदेशी झाडांच्या ओळींखालचा मळाही सावलीचाच. मला या साऱ्या विषयातला कळीचा मुद्दा हाच वाटतो. आपल्याकडे प्रश्न सावली आहे की नाही हा नाही. किती जातींच्या झाडांची, किती उंच आणि किती जुन्या झाडांची सावली आहे, हा आहे.

थोड्या झाडांनी किती फरक पडतो, याचं उत्तर कोस्टा रिकातून मिळतं. तिथे १९९९ ते २०१० या बारा वर्षांत जाळ्या लावून ५७,२५५ पक्षी पकडून, नोंदून सोडले गेले. जाती होत्या २६५. कॉफीचे मळे जवळजवळ उघडे होते. काहींत झाडांचं आच्छादन ७ टक्के होतं, काहींत १३ टक्के. दोन्ही आकडे इतके लहान, की आपल्याकडचा शेतकरी दोघांनाही उघडं रानच म्हणेल. तरी १३ टक्क्यांच्या मळ्यांत खास जंगलात राहणाऱ्या जाती दुप्पट होत्या आणि उघड्या माळावरच्या जाती निम्म्या. सहा टक्क्यांनी एवढा फरक पडला.

त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष कॉफीच्या चाहत्यांनी झाकून ठेवू नये असा आहे. ज्या पक्षीसंख्यांचा कल बारा वर्षांत मोजता आला, त्यांतल्या ६९ घटत होत्या, ३९ स्थिर आणि फक्त ४ वाढत्या. जंगलाशी घट्ट बांधलेल्या बहुतेक जाती कॉफीत आल्याच नाहीत. जमिनीलगतच्या झुडपांत किडे शोधणाऱ्या पक्ष्यांचं जगणं खालच्या रानावर असतं, आणि मळ्यात ते रान काढूनच कॉफी लावलेली असते. त्यांच्यासाठी हजार हेक्टरहून मोठी राखीव जंगलं लागतात, असं त्या संशोधकांनी स्पष्ट म्हटलं. कोडगूतही १९७७ ते १९९७ या वीस वर्षांत कॉफीखालचं क्षेत्र दुप्पट झालं आणि जंगल सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. ती सगळी कॉफी सावलीचीच होती. तेव्हा सावलीची कॉफी ही जंगलाची जागा घेऊ शकत नाही. जंगल आणि जंगल यांच्या मधल्या पट्ट्यात ती असली, तर पक्ष्यांची ये-जा चालू राहते. कोडगूत बाराशेच्या वर देवराया आहेत, एकूण अडीच हजार हेक्टरांच्या आसपास, म्हणजे सरासरीने प्रत्येकी दोन हेक्टर. एवढ्याशा तुकड्यांतलं जीवन टिकून आहे त्याचं एक कारण, त्यांच्या भोवती उघडं शेत नसून झाडांचे मळे आहेत.

इथे एक रास्त शंका येते. सावलीच्या कॉफीचं उत्पन्न कमी, म्हणून तेवढ्याच कॉफीला जमीन जास्त लागणार. भारतात रोबस्टाचं हेक्टरी सरासरी उत्पन्न सुमारे ११०० किलो आहे, अरेबिकाचं सुमारे ४५० किलो. व्हिएतनाममध्ये उघड्या उन्हात, भरपूर खत-पाण्यावर, रोबस्टा हेक्टरी अडीच हजार किलोच्या आसपास जाते. मग कमी जमिनीत जास्त पिकवून उरलेलं जंगल राखणं बरं नाही का? कागदावर हे पटतं. पण वाचलेली जमीन जंगलाला परत मिळते असा अनुभव नाही. व्हिएतनाममध्ये १९९० च्या दशकात कॉफीचं उत्पन्न आणि कॉफीखालची जमीन दोन्ही एकाच वेळी वाढली, आणि जमीन मुख्यतः मध्य पठारावरच्या जंगलातून आली. चिकमगळूरच्या शेतकऱ्याने सावली कापून उत्पन्न दुप्पट केलं, तर तो अर्धा मळा रानाला सोडून देणार नाही, आणि त्याने तसं करावं अशी अपेक्षा धरण्यातही अर्थ नाही.

हा जमिनीचा हिशेब घरापर्यंत आणता येतो. दोन माणसं रोज दोन-दोन कप कॉफी पितात असं धरा. कपाला दहा ग्रॅम पूड म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम, वर्षाला १४.६ किलो. भाजताना दाण्याचं वजन घटतं. एक किलो भाजलेल्या कॉफीला १.१९ किलो कच्चा दाणा लागतो, असा आंतरराष्ट्रीय व्यवहारात धरला जाणारा गुणक आहे. म्हणजे वर्षाला साधारण १७.४ किलो कच्चा दाणा. भारतीय रोबस्टाच्या सरासरीने त्याला दीड गुंठा जमीन लागते. शुद्ध अरेबिका घेतली तर पावणेचार गुंठ्यांहून किंचित जास्त. चिकोरी मिसळलेली पूड घेत असाल तर त्या प्रमाणात कमी. ३० टक्के चिकोरी असली तर रोबस्टाचा हा तुकडा एक गुंठ्याच्या थोडा वर येतो. (चिकोरी किती, हे पाकिटावर छापणं बंधनकारक आहे, आणि मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असायला हवी असा नियम आहे.) म्हणजे कॉफी पिणाऱ्या प्रत्येक घराच्या नावावर सह्याद्रीत कुठेतरी एक-दोन-चार गुंठे चालू असतात. त्यावर उंबर उभा आहे की सिल्व्हर ओक, हे त्या घराला सहसा माहीत नसतं.

पक्षी शेतकऱ्याला काय परत देतात, हाही हिशेब झाला आहे. कॉफीच्या फळात शिरून दाणा पोखरणारा बेरी बोरर हा भुंगा जगभरच्या कॉफीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. भारतात तो १९९० साली निलगिरीतल्या गुडलूरला पहिल्यांदा सापडला. कोस्टा रिकात डॅनियल कार्प आणि सहकाऱ्यांनी काही झुडपांवर जाळी टाकून पक्ष्यांना रोखलं आणि शेजारची झुडपं मोकळी ठेवली. पक्ष्यांमुळे भुंग्याचा उपद्रव सुमारे निम्म्याने कमी होतो, असं २०१३ साली त्यांनी दाखवलं. विष्ठेतल्या डीएनएवरून कोणते पक्षी हा भुंगा खातात, तेही शोधलं. यातून वाचलेलं नुकसान हेक्टरी वर्षाला ७५ ते ३१० डॉलर निघालं. मळ्याभोवती झाडी जितकी जास्त, तितकी राखण चांगली. पुढे २०२२ साली त्याच देशात ३० मळ्यांवर पक्षी आणि मधमाश्या दोघांचा एकत्र अभ्यास झाला. कॉफीच्या फुलाला माशी आली की फळधारणा सुधारते, आणि पक्षी असले की आलेलं फळ टिकतं. दोघांनाही रोखल्यावर उत्पन्न सरासरी २४.७ टक्क्यांनी घसरलं, हेक्टरी १,०६६ डॉलरचा फटका. पक्ष्यांचा आणि मधमाश्यांचा वेगवेगळा फायदा मोजून नुसती बेरीज केली असती, तर दोघांच्या एकत्र कामाचा हा आकडा आला नसता. या अभ्यासातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

मात्र या आकड्यांनी शेतकऱ्याचा प्रश्न सुटला, असं म्हणणं खोटं ठरेल. लंडनच्या बाजारात रोबस्टा २०२४ साली टनाला पाच हजार डॉलरच्या वर गेली. न्यूयॉर्कला अरेबिकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पौंडाला चार डॉलरची पातळी ओलांडली. रोबस्टाचा तो भाव किलोला सव्वाचारशे रुपयांच्या घरात जातो. शेतकऱ्याच्या हाती त्याहून कमी पडतो, पण सोयीसाठी ४२० रुपये धरू. समजा, छत विरळ करून हेक्टरी २०० किलो जास्त दाणा मिळाला. हा आकडा मी हिशेबापुरता धरला आहे, प्रत्यक्षात तो जमिनीप्रमाणे बदलेल. २०० किलोंचे ८४ हजार रुपये झाले. भुंगे खाणाऱ्या पक्ष्यांची किंमत, कोस्टा रिकाच्या हिशेबाने आणि डॉलरला ८५ रुपये धरून, साधारण सहा ते सव्वीस हजार रुपये. मधमाश्या धरल्या तर नव्वद हजार. पण दुसऱ्या देशातल्या अरेबिकाचा आकडा वायनाडच्या रोबस्टाला जसाच्या तसा लागू होणार नाही. शिवाय ८४ हजार यंदा हातात येतात, आणि पक्षी गेल्याचा फटका हळूहळू, नाव न सांगता बसतो. भाव चढा असताना करवत झाडाला लागते ती यामुळे. दर हेक्टरमागे एवढी रक्कम सोडून द्यायला सांगणं सोपं आहे, पण भारतातले ९८ टक्क्यांहून जास्त कॉफी उत्पादक दहा हेक्टरांच्या आतले आहेत.

आता तेच ८४ हजार उलट बाजूने पाहा. उरलेल्या ११०० किलो दाण्यावर ते वाटले तर किलोला ७६ रुपये होतात. भाजलेल्या पुडीत किलोला ९१ रुपये. दहा ग्रॅमच्या कपाला ९१ पैसे. झाडं राखण्याची पूर्ण भरपाई, कपामागे एक रुपयाच्या आत. हॉटेलातल्या एका कॉफीची किंमत पाहिली तर ही रक्कम तिच्यात दिसणारही नाही. पैसा नाही म्हणून झाडं जात नाहीत. तो एक रुपया ज्याने झाड राखलं त्याच्यापर्यंत पोहोचवणारा भरवशाचा मार्ग नाही, म्हणून जातात.

असा मार्ग उभा करण्याचा सर्वांत कडक प्रयत्न अमेरिकेतल्या स्मिथसोनियन मायग्रेटरी बर्ड सेंटरचा. रसेल ग्रीनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली सुरू झालेल्या या केंद्राने ‘बर्ड फ्रेंडली’ हे प्रमाणपत्र आणलं. त्याच्या अटी मोजता येण्याजोग्या आहेत. छाटणीनंतरही छत निदान ४० टक्के हवं. मुख्य सावलीची झाडं निदान १२ मीटर उंच हवीत. मुख्य जातीशिवाय आणखी निदान दहा जातींची झाडं हवीत. छताला उंच-मध्यम-ठेंगणे असे थर हवेत. आणि कॉफी सेंद्रिय प्रमाणित हवी. या शिक्क्याची कॉफी जगाच्या उत्पादनात अत्यल्प आहे, आणि कारण मुख्यतः शेवटच्या अटीत आहे. दोन-तीन हेक्टरांच्या शेतकऱ्याला सेंद्रिय तपासणीचा खर्च आणि तीन वर्षांचा बदलाचा काळ झेपत नाही, मग झाडं कितीही उत्तम असोत. कोडगूतले कितीतरी मळे झाडांच्या अटी सहज पार करतील आणि खताच्या एका पोत्यावर अडतील. ही अट थोडी सैल करून झाडांच्या अटी तशाच कडक ठेवल्या, तर भारतातल्या पक्ष्यांचं जास्त भलं होईल असं मला वाटतं. सेंद्रिय शेतीचं मोल मी कमी लेखत नाही. पण महाधनेशाला ढोली आधी हवी.

बाकीचे शिक्के याच्या जवळपासही नाहीत. कोडगू अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अरकू अरेबिका यांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते गावाची ओळख सांगतं, मळ्यातल्या झाडांबद्दल काही सांगत नाही. युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी कायद्यात ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेली कॉफी चालणार नाही. हे चांगलंच, आणि भारताची सर्वांत जास्त कॉफी इटलीला जात असल्याने परिणामकारकही. पण तो कायदा जंगलाचं शेत होऊ नये एवढं पाहतो. आधीपासून शेत असलेल्या मळ्यात उंबर जाऊन सिल्व्हर ओक आला, तर त्याच्या लेखी काहीच घडलेलं नाही.

मग घेणाऱ्याने काय करावं? भारतात कॉफीचा खप डोई वर्षाला ७० ग्रॅमच्या आसपास आहे आणि सुमारे ७० टक्के पीक बाहेर जातं, त्यामुळे आपल्या एकट्याच्या निवडीने घाट हलणार नाही. पण शहरांत मळ्याच्या नावाने कॉफी विकणारे छोटे भाजणारे झपाट्याने वाढले आहेत, पुण्या-मुंबईतही, आणि त्यांना प्रश्न विचारता येतो. मळ्याचं नाव पाकिटावर नसेल तर पुढचं बोलणंच नको. असेल तर विचारावं, की सावलीला कोणकोणती झाडं आहेत. ज्याने मळा पाहिला आहे तो पाच-सात नावं लगेच सांगतो. नुसतं ‘सिल्व्हर ओक आणि मिरी’ असं उत्तर आलं तर त्यातूनही कळायचं ते कळतं. बंगळुरूची ब्लॅक बाझा कॉफी ही कंपनी पक्ष्याचंच नाव घेऊन उभी राहिली आहे आणि बी. आर. हिल्समधल्या सोलिगा आदिवासी शेतकऱ्यांची, देशी झाडांखाली वाढलेली कॉफी विकते. असे आणखीही विक्रेते आहेत. अरेबिका घ्यावी की रोबस्टा, याचा बाऊ करू नये. दाट देशी छताखालची रोबस्टा ही सिल्व्हर ओकच्या ओळींखालच्या अरेबिकापेक्षा पक्ष्यांच्या हिताची.

तरी सगळा भार घेणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. सिल्व्हर ओक एवढा पसरला त्यामागे कायद्याचा हात मोठा आहे. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली देशी मौल्यवान झाड तोडायला परवानगी लागते. सिल्व्हर ओकला ती लागत नाही. कोडगूत तर जमीनधारणेच्या जुन्या प्रकारांमुळे अनेक मळ्यांतल्या देशी झाडांवर मालकी सरकारची आहे, मळा ज्याचा त्याची नाही. अशा ठिकाणी शेतकऱ्याने शिसवीचं रोप लावलं तर तो चाळीस वर्षं सरकारचं झाड वाढवणार. सिल्व्हर ओक लावला तर स्वतःचं. त्याने काय निवडावं, हे कायद्यानेच ठरवून दिलं आहे. असलेल्या जुन्या झाडांवरची बंधनं उठवली तर उद्याच करवती चालतील, ही भीती खरी आहे, म्हणून ती बंधनं राहू द्यावीत. पण आजपासून जो शेतकरी स्वतः देशी झाड लावेल, त्याची नोंद करून ते झाड आणि त्याचं लाकूड पूर्णपणे त्याचं मानावं, सिल्व्हर ओकइतकंच मोकळं. आज लावलेल्या जांभळाला पक्षी दहा वर्षांत यायला लागतील. शिसवीला ढोली व्हायला आणखी दोन पिढ्या जातील, आणि तोवर तिथे जुनी झाडं उभी असायला हवीत.